कोपऱ्यातली केशरी तारीख

मित्रांनो, मुठीत मावणारा एक जुना डिजिटल कॅमेरा आहे मी. चाकणच्या एका लहान कारखान्यात माझे आयुष्य गेले. तिथे गेटवरच सगळ्यांचे मोबाईल काढून घेत, म्हणून आतले फोटो काढण्याचा मान माझ्या एकट्याचा. बारा मेगापिक्सेल, चौपट झूम, आणि अगदी जवळचे टिपायला फुलाचे चित्र असलेले बटण. पत्र्यावरचा केसाएवढा तडाही मी दाखवत असे. फोटोच्या कोपऱ्यात केशरी तारीख उमटे. तिचा मला भारी अभिमान.

एका बुधवारी दुपारी प्रेस मशीनमध्ये नवनाथची दोन बोटे गेली. मशीनची संरक्षक जाळी महिनाभर कोपऱ्यात पडून होती. गुरुवारी सुपरवायझर अर्जुनरावांनी ती घाईने बसवली, मला हातात घेतले आणि माझी तारीख मागे नेली. अंगठ्याने तीनदा दाबले, आणि माझ्या गुरुवारचा सोमवार झाला. मी हबकलोच. माझी तारीख अशी बदलता येते, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हते. फ्लॅश पडला तेव्हा माझ्याच उजेडाची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात मालक दौलतरावांनी नवनाथला बोलावले. नोकरीवरून काढायचे पत्र टेबलावर तयार होते.

"सोमवारी जाळी होती, हा फोटो बघा," अर्जुनराव म्हणाले. "जास्त नग काढायला यानेच काढली. कॅमेरा काय खोटं बोलतो?"

"साहेब, जाळी असती तर बोटं असती," नवनाथ एवढेच बोलला.

क्वालिटीच्या रश्मीताईंनी मला उचलून घेतले. मी प्रत्येक फोटोला क्रमांक देतो. तारीख मागे गेली, तरी तो पुढेच जातो.

"बुधवारी सकाळी मी काढलेला शेवटचा फोटो आठशे चाळीस. तुमचा सोमवारचा आठशे एक्केचाळीस कसा, अर्जुनराव?"

"जुना डबा आहे तो. काहीही दाखवतो."

"आत्ता तर खोटं बोलत नव्हता."

दौलतरावांनी मला हातात घेऊन दोन्ही फोटोंचे क्रमांक पाहिले. मग त्यांनी पत्र फाडले आणि जाळी कोणी काढली होती, ते अर्जुनरावांना विचारले.

मित्रांनो, मला जपा, ओलाव्यापासून दूर ठेवा. पण माझ्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. त्या खोलीत सगळे माझ्या पडद्याकडे वाकून पाहत होते. नवनाथचा पट्टी बांधलेला हात मात्र त्यांच्या समोरच टेबलावर होता.