पहिल्या रांगेतली डावरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि त्यातही डावरी. माझी लिहायची फळी डाव्या हाताला आहे. कॅन्ससमधल्या एका विद्यापीठात, चौदा नंबरच्या खोलीत, पहिल्या रांगेच्या टोकाला मला बसवलं, तेव्हा बाकी सगळ्या खुर्च्या उजव्या होत्या. मुलं यायची, माझ्याकडे बघून नाक मुरडायची आणि शेजारणीवर बसायची. डावं-उजवं म्हणतात ना, ते मी लाकडाच्या अंगावर सोसलं आहे.

पहिली रांग खेळाडूंची असे. त्यांच्या प्रशिक्षकांचा तसा दंडकच होता: टोपी काढायची, पुढे बसायचं. मुलं खरोखर वर्गात बसतात की नाही हे बघायला खेळविभागाने एक म्हातारा नेमला होता. प्रुइट त्याचं नाव. आयुष्यभर टपाल वाटलं, आणि निवृत्तीनंतर दाराच्या काचेतून डोकावून यादीवर खुणा करायला लागला. डोकावलं, खूण केली, चालला पुढे. आत काय शिकवतात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

एका ऑगस्टमध्ये रोलंड टिब्स आला. लुइझियानाच्या किनाऱ्यावरचा, दारात वाकून शिरणारा फुटबॉलपटू, आणि डावखुरा! तो सरळ माझ्याकडे आला, फळीवर हात पसरला आणि म्हणाला, "अगं बाई, माझ्यासाठीच ठेवलीय की काय तुला?" खरं सांगते, इतकं गोड मला कुणीच बोललं नव्हतं.

तो तास दगडांचा. हॉलक्विस्टबाई इथल्याच चुनखडीचा तुकडा हातोहात फिरवत. रोलंडने तो उलटा केला, दगडात रुतलेला शिंपला पाहिला नि ओरडलाच, "बाई, हे तर कालव! माझी आई कारखान्यात दिवसभर हेच फोडते. पण इथे समुद्र कुठे?"

"होता," बाई म्हणाल्या. "तू बसलायस ना, तिथेच."

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. तास संपला तरी उठायचा नाही. "आईला सांगितलंय, पदवीचा कागद घेऊनच घरी येईन," तो बाईंना म्हणाला. "आता दगडांचाच घेतो." बाईंनी तो तुकडा त्यालाच देऊन टाकला.

पण शनिवारी हाच मुलगा मैदानात उतरला की अख्खं गाव बेभान व्हायचं. खिडकीतून तो गलका मला ऐकू येई. तिकिटं महिनाभर आधीच संपत, मैदानावर घराएवढा पडदा बसला. आमच्या खोलीचं छत मात्र गळतच होतं.

मग एक दिवस तासानंतर टाय लावलेले एक गृहस्थ आले. खेळविभागाचे मार्गदर्शक म्हणे.

"रोलंड, दगडांची प्रयोगशाळा मंगळवारी दुपारी. सराव कधी?"

"मंगळवारी दुपारी, सर."

"मग? फुरसत आणि मनोरंजन हा विषय घे. सोपा आहे. खेळायला पात्र राहिलास म्हणजे झालं."

"पण मला दगड..."

"अरे बाबा, दगड कुठे पळून जातायत?"

पात्र! हाच त्यांचा आवडता शब्द. पात्र राहिलं खरं, पण रिकामं. नवा तासही चौदा नंबरमध्येच भरे. रोलंड माझ्यावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपायचा, आणि प्रुइट काचेतून बघून खूण करायचा.

पुढच्या नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला. जानेवारीत कुबड्या टेकत तो पुन्हा दगडांच्या तासाला आला. या वेळी त्याला कुणी पाठवलं नव्हतं. दाराशी प्रुइट दिसला तसा रोलंडने हात वर केला.

"प्रुइटआजोबा, मी आलोय हं! करा खूण."

प्रुइटने यादी खालवर पाहिली. चेहरा पडला त्याचा. दार ढकलून पहिल्यांदाच तो आत आला.

"पोरा, तुझं नाव नाही रे यात."

"का? मी तर समोर बसलोय."

"जे शनिवारी खेळतात, त्यांचीच नावं देतात मला."

प्रुइटने खिशातून पेन काढलं, यादीच्या तळाशी आपल्याच हाताने 'टिब्स' लिहिलं आणि पुढे ठसठशीत खूण केली. त्यानंतर वर्गात दुसराच माणूस डोकावू लागला. प्रुइटला म्हणे घरी बसवलं.

खेळाची शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मिळते. मे महिन्यात रोलंडला ती मिळाली नाही, आणि फी भरायला दुसरे पैसे नव्हते. शेवटच्या दिवशी तो एकटाच आला, माझ्यावर बसला, आणि तो कालवाचा दगड माझ्या बैठकीखालच्या जाळीत ठेवला. "आईला काय दाखवू गं?" एवढंच म्हणाला. मला हात असते तर मी त्याला जाऊ दिलं नसतं.

पुढे खोलीत नव्या खुर्च्या आल्या, सगळ्या उजव्याच. आता मी विद्यापीठाच्या गोदामात, मोडक्या कपाटांमागे पडून आहे. विक्रीच्या दिवशी माणसं येतात, फळी कुठल्या बाजूला आहे ते बघतात नि पुढे जातात.

गेल्या हिवाळ्यात काठी टेकत प्रुइट आला. वाकून माझ्या जाळीत हात घातला, दगड चाचपला आणि परत ठेवला.

"ही विकू नकोस," तो गोदामवाल्याला म्हणाला. "हिच्यावर बसायचा तो पोरगा आता ट्रक चालवतो. मला नाताळच्या कार्डात दर वर्षी विचारतो, डावरी खुर्ची आहे का अजून?"

"आजोबा, डावरी खुर्ची घेतंय कोण! राहू दे पडून."

मित्रांनो, मी पडून आहे. दगडही आहे. तुम्ही कधी मोठे झालात आणि तुमच्या हातात हजेरीची यादी आली, तर खुर्ची भरली का, एवढंच बघून पुढे जाऊ नका. एखादी रिकामी दिसली, तर दार ढकलून आत या, आणि इथून कोण उठून गेलं ते विचारा.