मडमबाईचं कुंकू

साहेबाच्या मळ्यात कापसाची पहिली वेचणी यंदा दिपालीनं केली. दिपाली विधवा आहे. तरी कापूस काळा पडला नाही, जमीन दुभंगली नाही, बैलसुद्धा नेहमीसारखेच शेपटीनं माशा हाकलत उभे होते.

हे घडलेलंच नाही. गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी बसून तसं ठरवलंय, आणि वडीलधाऱ्यांनी ठरवलं की घडलेल्या गोष्टीनं निमूट मागं फिरायचं असतं. तेव्हा आपणही वरचं सगळं परत घेऊ आणि सकाळपासून सुरू करू.

बाभुळगावाहून थोडं आत गेलं की साहेबाचा मळा लागतो. साहेबाचं नाव पार्कर. गावानं त्याचं पारकर केलं, त्यामुळे नवा तलाठी आला की विचारतो, हे मूळचे मालवणचे का? मूळचे विलायतेचे. कापसामागं आले, जमीन घेतली, बंगला बांधला, विहीर खणली. ते लोक इथंच वारल्यावर मळा त्यांच्या दिवाणजीच्या घराण्याकडं आला. विठ्ठलराव त्या दिवाणजीचे पणतू. देश स्वतंत्र झाला हे त्यांना मान्य आहे, पण मळ्याच्या फाटकाबाहेर.

मळ्याची राखणदार मडमबाई, म्हणजे साहेबाची बायको. बंगल्यामागच्या चिंचेखाली तिची कबर आहे. दरवर्षी पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा होते, सात खडे मांडून दहीभात शिंपडतात. पण या मळ्यात आधी मान मडमबाईचा. तिला हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण-नारळ. मग घरातली सवाशीण पहिलं बोंड वेचते, आणि जिच्या हातानं वेचणी, तिच्या नवऱ्याचं ते वावर. हा नियम सातबाऱ्यावर कुठंच नाही, पण सातबाऱ्यापेक्षा जास्त चालतो.

विठ्ठलरावांचा मोठा मुलगा गोपाल गेल्या पावसाळ्यात मोटरपंपाचा शॉक लागून गेला. त्याच्या वाट्याचं वावर दिपालीनं, त्याच्या बायकोनं, पेरलं, निंदलं, फवारलं. यंदा तिथं पहिलं बोंड वेचणार होती प्रतिभा, धाकट्या संजयची बायको. म्हणजे पुढच्या पेरणीला वावर संजयचं, आणि दिपाली आपल्या लेकराला, सोनूला, घेऊन तिथंच रोजानं. हे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मोठ्यानं बोलण्यासारखं असतं तर त्याला रीत कशाला म्हटलं असतं?

"ताट दे अन् तू गोठ्यापाशी बस," सासू बेबीताई दिपालीकडं न बघता म्हणाल्या.

"आई, दहीभात मीच रांधला. खडे मीच धुतले. ते चालते?"

"खड्याइले काय समजते व?"

"तेच तं."

दिपाली गोठ्यापाशी बसली नाही. सोनूचा हात धरून चिंचेपर्यंत आली. संजय आडवा झाला.

"वहिनी, तुमी कायले आल्या इकडे? अपशकुन होते न!"

"फवारनीचा पंप माह्या पाठीवर होता, तवा नाई झाला अपशकुन?"

"ते काम होतं," संजय अगदी मनापासून म्हणाला. "हे पूजा आहे."

दिपालीनं त्याच्याशी वाद घातला नाही. ती सासऱ्यांकडं वळली. "मामाजी, मळ्याचा इतिहास सांगा न एकडाव. सोनूले आयकायचा आहे."

विठ्ठलरावांना इतिहास सांगा म्हणायचीच खोटी, मग त्यांना थांबवता येत नव्हतं. हा इतिहास त्यांनी लग्नात सांगितला होता, तेराव्याला सांगितला होता, गाय भरवायला आलेल्या डॉक्टरलाही गायीच्या शेपटीपाशी उभं राहून सांगितला होता. त्यांनी टोपी सारखी केली.

"साहेब मेला हिवतापानं. लोक म्हने, आता मडम बोटीनं वापस जाते. पन गेली नाई! घोड्यावर बसून मळा पाह्ये. साऱ्या मळ्यावर एकटीनं राज्य केलं तिनं. अशी बाई आता होनं नाई."

"अन् पहिली येचनी?"

"तेच करे! दुसऱ्याची छाती होती काय? माह्या आज्यानं डोयानं पाह्यलं. मडमचा हात लागल्याबिगर कोनी बोंडाले शिवे नाई."

"साहेब मेल्यावर?"

"मेल्यावरच तं! साहेब जिता होता तवा ते..."

विठ्ठलराव थांबले. त्यांच्या घराण्यानं हा इतिहास आजवर फक्त सांगितला होता. ऐकायची पाळी पहिल्यांदाच आली.

प्रतिभाचं कुंकवाचं बोट कबरीपासून टीचभर अंतरावर अडकलं होतं.

"ते मडम होती," संजय म्हणाला. "त्याइच्यात चालते."

"मंग तिले बांगड्या काहून? आपल्यात तं चालत नाई न भाऊजी."

दिपाली वावरात उतरली आणि तिनं पहिलं बोंड वेचलं. मग दुसरं. ओटी भरेपर्यंत ती मागं वळली नाही.

संजय रडकुंडीला येऊन वडीलधाऱ्यांना बोलावून घेऊन आला. त्यांनी निकाल दिला तो वर आलाच आहे. आता घडलेलंच नाही म्हटल्यावर ती रिकामी बोंडं कशी काय रिकामी? म्हणून ओटीतला कापूस परत बोंडात भरायचं ठरलं. दिपालीला गोठ्यापाशी बसवून बाकी सगळं घर वावरात बसलं. झाडाला पाच-सहा महिने लागलेलं काम संजय दुपारपर्यंत आटोपणार होता. कापूस आत राहीना. वारा आला की पुन्हा खाली. तेव्हा सोनूच्या दप्तरातला डिंक आणला.

बेबीताईही भरत होत्या. वाळलेल्या बोंडाचं टोक बोटात घुसलं, रक्ताचा थेंब कापसावर पडला. त्यांनी हातातलं बोंड फिरवून फिरवून पाहिलं.

"मी कायले भरून राह्यली हे?"

"रीत आहे," विठ्ठलराव म्हणाले.

"उद्या तुमी गेल्यावर मलेबी गोठ्यापाशीच बसवतीन?"

"मी कुठं चाललो?"

"गोपालबी असाच म्हने."

बेबीताईंनी बोंड खाली ठेवलं, हात झटकले आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू घेऊन त्या गोठ्यापाशी दिपालीच्या शेजारी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रतिभानं पहिली वेचणी केली. डिंकानं कापूस बोटांना चिकटला तो पूजा संपेपर्यंत सुटला नाही. टाळ्या वाजल्या, तिला वाजवता आल्या नाहीत. वावर संजयचं झालं.

ग्रामसभेत त्यानंतर आलेला अर्ज असा आहे:

"प्रति, मा. सरपंच. विषय: मयत मडमबाई पार्कर यांना रीतीप्रमाणे विधवा म्हणून वागविणेबाबत. महोदय, सदर मयत बाईंनी पतीच्या निधनानंतरही दरवर्षी पहिली वेचणी केल्याचे सर्व गावास ज्ञात आहे. तरी त्यांची समाधी चिंचेखालून हलवून गोठ्यापाशी बसविण्यात यावी, आजवर वाहिलेले कुंकू व बांगड्या त्यांच्याकडून परत घेण्यात याव्यात, आणि त्यांच्या हाताने वेचलेला सर्व कापूस पुन्हा बोंडात भरून मिळावा. हे शक्य नसल्यास, दिपालीने वेचलेले बोंड वेचलेले समजण्यात यावे, ही नम्र विनंती. अर्जदार: १) दिपाली गोपाल. २) बेबीताई विठ्ठलराव, सवाशीण, तूर्तास."