भट्टीवर वाळलेला डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायातला, डोंगर चढायचा. आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर दचकू नका. जुन्या वस्तूंनी हळू, गोड, डोळे पुसत बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. ती आज जरा बाजूला ठेवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड चामडं, पितळी कड्या आणि खाली खोल खाचांचा रबरी सोल. तो सोल शिवलेला नव्हता, नुसता सोल्युशनने चिकटवलेला होता. माझं वाटोळं तिथेच ठरलं म्हणा ना! पण तेव्हा मी भलत्याच ऐटीत होतो. दुकानात शेजारच्या सपातांकडे ढुंकूनही बघत नव्हतो.

मला विकत घेतलं पोस्टातल्या एका बाईने. दिवसभर ती खिडकीमागे बसून पाकिटांवर शिक्के मारायची आणि सुट्टी मिळाली की डोंगरात पळायची. तिच्या मनात एकच होतं. गावामागची अख्खी डोंगररांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये एकही दिवस न थांबता चालायची. तसं चालणाऱ्यांची नावं तिथल्या डोंगर मंडळाच्या फळ्यावर रंगवतात. तिला त्या फळ्यावर जायचं होतं. त्या फळ्यापायी आम्ही दोघे भाऊ, मी आणि उजवा, वर्षानुवर्षं झिजलो.

तिचा नवरा बेकरीवाला. भट्टीपुढे उभं राहून त्याचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे डोंगर चढायचं त्याने नावच काढलं नाही. पण पायवाट जिथे जिथे गाडीरस्त्याला मिळायची, त्या प्रत्येक नाक्यावर त्याची पावाची गाडी आधीच उभी असायची. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. ती आली की गाडीच्या पायरीवर बसायची आणि पाय पुढे करायची. तो खाली बसून माझ्या नाड्या सोडायचा, तिचे मोजे बदलायचा, तळव्याला मलम चोळायचा. ती तोवर मीठ लावलेला उकडलेला बटाटा खायची आणि चहा प्यायची. बोलायचं कोणीच नाही. बोलत बसलं की पाय आखडतात, असं ती म्हणायची. मग उठून चालू लागायची. मागे वळून बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. सरावाच्या दिवसांत आम्ही भिजून घरी आलो, की हा भला माणूस आम्हाला उचलायचा आणि थेट भट्टीच्या कट्ट्यावर ठेवायचा. पाव फुगायला ठेवतात ना, तिथे! पीठ जिथे फुगतं तिथे बूटही छान वाळणार, असा त्याचा हिशेब. अरे, मी काय पाव आहे? चामडं सावलीत वाळवायचं असतं, आत कागदाचे बोळे घालून, सावकाश. भट्टीच्या धगीने माझं कातडं तडकलं आणि सोलचं सोल्युशन पार सुकून गेलं. प्रेमाने केलं, कबूल. पण भाजायचं ते भाजलंच की!

तर तिच्या त्या सलग चालण्याचा शेवटचा दिवस. एक शेवटचा डोंगर सोडला तर सगळी रांग चालून झाली होती. तो उतरला की पलीकडच्या गावात मंडळाचं सभागृह, आणि तिथे फळा. त्या दिवसाच्या दुसऱ्या नाक्यावर बेकरीवाल्याने माझ्या नाड्या सोडल्या आणि त्याचा हात थांबला. माझा सोल पुढून उघडला होता.

"अगं, हा बूट जातोय," तो म्हणाला. "आज थांबूया. उद्या नवा आणतो."

"आज थांबायचं? एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून चालायचं. मला पोस्टातून इतकी रजा परत कोण देणार आहे?"

तिने मला हातात घेऊन उलटा केला, बोटाने सोल उचकटून पाहिला आणि मग जी भडकली! "भट्टी! तुमच्या त्या भट्टीनेच झालं हे! हजारदा सांगितलं, बूट उन्हातसुद्धा ठेवत नाहीत. पण तुम्ही ऐकाल तर शपथ!"

हजारदा सोडा, एकदाही सांगितलं नव्हतं. तो मात्र उठून गाडीत शिरला. पाव बांधायचा दोरा काढून त्याने मला आडवातिडवा आवळला. ती चहा न पिताच निघून गेली.

खडकाळ धारेवर दोरा टिकतोय कशाला? थोड्या वेळात तो तुटला आणि माझा सोल घरंगळत दरीत गेला. गेला तो गेलाच. तिच्या तळव्यात आणि दगडांत आता चामड्याची एक पातळ पट्टी उरली. ती लंगडत चालली, बसली, पुन्हा उठली. समोरून ढग चढत होते. फोनला रेंज नव्हती. शेवटी ती एका दगडावर बसून मोठमोठ्याने रडली आणि रडताना तिने नवऱ्याला शिव्या घातल्या. मी सगळ्या ऐकल्या. तुम्हाला सांगणार नाही.

मग खालच्या वळणावर काहीतरी हललं. धापा टाकत, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबत, बेकरीवाला वर येत होता. तिसऱ्या नाक्यावर वाट पाहून पाहून तो गाडी सोडून चढून आला होता.

"कोणी सांगितलं होतं यायला?" ती म्हणाली.

"कोणी नाही." तो मटकन खाली बसला आणि स्वतःचे बूट काढू लागला. "हे घाल. मोठे होतील, पण दोन-दोन मोजे घाल, म्हणजे बसतील."

"आणि तुम्ही?"

"मला काय, गाडीपर्यंत तर जायचंय."

गाडीपर्यंत! ती सगळी उतरण, धारदार खडीची. तो नुसत्या मोज्यांवर उतरला आणि आम्हा दोघा भावांना त्याने बगलेत धरून नेलं. मोजे फाटले, मग कातडं फाटलं. ती त्याचे बूट फटक फटक वाजवत पुढे निघून गेली. फळा बोलावत होता ना!

ती वेळेत डोंगर उतरली. आम्ही गाडीने आधीच पोचलो होतो. पावाखाली घालायचं फडकं पायांना गुंडाळून बेकरीवाला सभागृहाच्या दारात, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. मी अजून त्याच्या बगलेतच होतो, म्हणून सगळं ऐकलं. अध्यक्षांनी तिला हार घातला आणि माइक पुढे करून विचारलं, "कसं जमवलंत हो?"

ती हसली. म्हणाली, "पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत, एकटीने!"

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या असतील? त्यासाठी त्याने मला खाली ठेवलं.

मित्रांनो, सोल गेला तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. मला जीभ होती, नाड्यांखालची, पण तिने बोलता येत नाही. येत असतं तर मी ते सभागृह दणाणून सोडलं असतं.

गाडीत येऊन बसल्यावर ती म्हणाली, "फोटोला का नाही आलात?"

तेव्हा तो गरीब माणूस फुटला. आयुष्यात पहिल्यांदा. "एकटीने? अगं, मग रोज त्या नाक्यावर कोण उभं होतं? भूत?" त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. "बूट मी बिघडवला, मान्य. त्याबद्दल हवं तेवढं बोल. पण चारचौघांत मला पुसून टाकलंस तू!"

"तोंडातून निघून गेलं हो."

"हो ना. नेमकं तेच निघालं."

तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. फडकं लाल झालं होतं. मग ती दार उघडून खाली उतरली आणि सभागृहात शिरली. थोड्याच वेळात बाहेरच्या कर्ण्यातून तिचा आवाज आला.

"मघाशी मी खोटं बोलले. मी एकटीने चाललेले नाही. माझा नवरा बाहेर गाडीत बसलाय. त्याचे पाय फुटलेत, कारण त्याचे बूट माझ्या पायात आहेत. फळ्यावर दोघांची नावं लिहिणार असाल तर लिहा, नाहीतर माझंही लिहू नका."

"अरे, कोणीतरी तो माइक बंद करा रे!" बेकरीवाला गाडीतल्या गाडीत पुटपुटला आणि बाहीने डोळे पुसू लागला.

फळ्यावर दोन्ही नावं लागली. छान झालं, असं तुम्ही म्हणाल. पण माझा राग अजून गेलेला नाही. ती बाई वाईट नव्हती. तिला सगळं दिसत होतं. तरी त्या शांत माणसाला आधी ओरडावं लागलं, मगच तिच्या तोंडी त्याचं नाव आलं. हे मला अजून सलतं.

म्हणून एक सांगतो. बूट ओले झाले तर सावलीत वाळवा. आणि तुमच्यासाठी जो कोणी वाटेत थांबून राहतो, आई असेल, भाऊ असेल, कोणीही असेल, त्याचं नाव आजच घ्या. त्याला ओरडायला लावू नका.