ग्रीस पुसा रे कुणीतरी

मी बर्फावर पळणारी गाडी बोलतेय. कुठून? कुवेतहून! हसा, पोटभर हसा. इथे बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात दिसतो. पण बर्फावर पळते ती वाळूवर का नाही पळणार, असं माझ्या मालकाच्या, अबू फहदच्या डोक्यात आलं. एकोणऐंशी साली मी जहाजातून उतरले आणि फरवानियातल्या त्याच्या गॅरेजात येऊन पडले.

तिथला मेकॅनिक यूसुफ, रत्नागिरीकडचा. मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करून तयार झालेला. खाऱ्या हवेत लोखंड टिकवायचं तर ग्रीस फासायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. मला पाहताच म्हणाला, "ये गं बाई, तुला गंज नाही लागू देणार." आणि सगळीकडे ग्रीस चोपडलं. क्लचच्या दोन्ही पुल्यांवरसुद्धा! अरे देवा, त्या कोरड्या हव्यात! रबरी पट्ट्याने त्यांना घट्ट धरलं तरच मी हलते. पण मला तोंड आहे कुठे सांगायला?

मालक म्हणाला, "यूसुफ, जुम्मे को गाड़ी चलेगा, तो तुम्हारा बीवी का वीज़ा पे मैं साइन करेगा." चार वर्षं झाली होती यूसुफने जमिलाला पाहून. त्या दिवसापासून तो धड जेवलासुद्धा नाही.

मी काळा धूर ओकत होते, प्लगही काळा पडत होता. माझ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून यूसुफने रिग्गईहून आपल्या दोस्ताला, महादेवला बोलावलं. इस्पितळात एक्स-रे काढायचा तो. त्याने वाचून सांगितलं, "इथली हवा गरम, विरळ. पेट्रोल जास्त जातंय. कार्बुरेटरमधला जेट लहान भोकाचा घाल." यूसुफने घातला. बुधवारी प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला, इंजिन कसं सुरेल! पण मी जागची हलेना. पट्टा नुसता घसरायचा.

महादेवने पान उलटलं. "यूसुफभाई, पुढे क्लचचं लिहिलंय."

"क्लच राहू दे रे. तो मी स्वतःच्या हाताने केलाय. तू जेटचंच बघ."

वाच रे महादेवा, वाच! जीव तुटत होता माझा. पण त्याला बस गाठायची होती. पुस्तक मिटून त्याने माझ्या सीटखाली सरकवलं आणि गेला.

गुरुवारी यूसुफने तो अचूक बसलेला जेट काढला, दुसरा घातला, तिसरा घातला, पुन्हा पहिला घातला. "या अल्ला, काय चुकतंय माझं?" असं म्हणून तो माझ्या बॉनेटवर डोकं टेकून रडला.

शुक्रवारी वाळूत इंजिन किंचाळलं, पट्ट्यातून धूर निघाला, मी तिथेच. अबू फहद एकच शब्द बोलला, "खलास." कागद सहीशिवाय परत आला. यूसुफला गाड्या धुवायला लावलं.

दोन वर्षं झाली. मी कोपऱ्यात उभी आहे. तो आता पान्याला हात लावत नाही. आपल्या हातातली कला गेली म्हणतो. जमिलाची पत्रं येतात, ती इथेच, माझ्या सीटवर बसून वाचतो. त्याच्या बुडाखाली वीतभर अंतरावर ते क्लचचं पान आहे हो!

पत्र घडी करून झालं की उठतो, डबा आणतो. "तू तरी गंजू नकोस," म्हणतो, आणि पुल्यांवर ताजं ग्रीस लावतो.

कुणीतरी त्याचा हात धरा.