फेसातला पायबदल

कलादालनातून आलेल्या बाईंनी दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभ्या केल्या, मध्ये जुन्या सिनेमाचं पोस्टर धरलं आणि फार नम्रपणे सांगितलं की मूळ फळी त्यांनी आणलेली आहे. वहिनींनी माळ्यावरून काढलेली ती नंतरची नक्कल.

"राग मानू नका हं मावशी," त्या म्हणाल्या. "पण बघा ना. पोस्टरवर लाल गोळा डाव्या हाताला आहे. आमच्या फळीवरही डाव्या हाताला. तुमच्या फळीवर तो उजवीकडे आलाय. रेघही उलट्या अंगाने उतरलीय."

"उलटी नाही ती. तीच सुलटी आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि तारीख बघा. रेझिनच्या खाली आहे, पोस्टरच्या चार महिने आधीची."

बाईंनी भिंग लावून तारीख पाहिली. "नकलेवर मूळची तारीख घालतात कधीकधी," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. आठ दिवसांत प्रदर्शनाच्या पाट्या छापायला जायच्या होत्या. वहिनींनी पाटीचा मजकूर वाचायला मागितला. तो असा होता: रेघेची रचना, सिनेमाचे दिग्दर्शक. रंगकाम, शेडमधील कारागीर.

वहिनींनी तो दोनदा वाचला, कागद परत दिला आणि बाईंना चहा विचारला.

लाटांवर उभं राहायच्या फळ्या बनवणारी ही शेड. वहिनींचे यजमान फोमचा ठोकळा रंध्याने तासून फळीला आकार द्यायचे. वर काचेचं कापड आणि रेझिन चढून फळी वाळली की ती वहिनींपुढे यायची. टोकापासून शेपटापर्यंत केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढायची, हे त्यांचं काम. मध्ये थांबलं की तिथे गाठ दिसते आणि ती गाठ मग जन्मभर दिसत राहते. धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून शेडमधले सगळे वहिनी म्हणू लागले, आणि पुढे पुढे तर त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

हे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, सिनेमावाले. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी उसना कॅमेरा आणून थोरल्या भावावर, म्हणजे वहिनींच्या यजमानांवर, बारा मिनिटांचा सिनेमा काढला होता. त्यातली शेवटची दीड मिनिटं जगभर फिरली. त्या दीड मिनिटांत थोरले लाटेवर चढतात, उतारावरून येतात, लाट त्यांच्या अंगावर कोसळते, पडदा क्षणभर पांढराफेक होतो आणि फेसातून ते बाहेर येतात. फेसात जाताना उजवा पाय पुढे असतो आणि बाहेर येताना डावा. वेगात असलेल्या फळीवर, डोळ्यांपुढे काही दिसत नसताना, माणसाने पाय बदलले! त्या हिकमतीला नाव पडलं, फेसातला पायबदल. तिच्यावर लेख आले, चित्रं निघाली. दरवर्षी कुठली ना कुठली तरुण पोरं ती करायला जात आणि नाकातोंडात पाणी घेऊन परत येत. सिनेमा जिथे जिथे दाखवला जाई तिथे भाऊजी आधी उभे राहून एकच वाक्य बोलत, "एक लाट, एक माणूस, मध्ये कात्री नाही." टाळ्या तिथूनच सुरू होत.

पोस्टरवरचं चित्र पायबदलाच्या आधीच्या भागातलं. ते सदऱ्यांवर आलं, कपांवर आलं, चित्रकलेच्या शाळांच्या भिंतींवर चढलं.

खरं काय होतं ते दोघांनाच ठाऊक होतं, भाऊजींना आणि वहिनींना. लाटा दोन होत्या. पहिली घरामागच्या खाडीतली. तिथे पुढे धक्का बांधला आणि ती लाटच मेली, त्यामुळे जाऊन पडताळायची सोय उरली नाही. दुसरी दूरच्या किनाऱ्यावरची, उलट्या दिशेने फुटणारी, संध्याकाळच्या उन्हात थोरले आणि फळी नुसती काळी दिसत असताना टिपलेली. दोन्ही जोडायच्या तर एक फिल्म आरशातल्यासारखी उलटी लावणं भाग होतं. दुसरीत मागे नांगरलेलं जहाज होतं आणि त्याच्यावर हातभर अक्षरांत नाव होतं. ती उलटवली असती तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. म्हणून भाऊजींनी पहिली उलटवली आणि जोड फेसात लपवला. थोरल्यांचा पुढचा डावा पाय पडद्यावर उजवा झाला, वहिनींचा उजवीकडचा गोळा डावीकडे गेला.

थोरल्यांनी सिनेमा कधी पाहिलाच नाही. पडद्यावर आपण दिसायचं याची त्यांना लाज वाटे. दिवे गेले की ते हळूच बाहेर सटकत. त्यात रंध्याच्या मोटरने कान खाल्लेले. कोणी पायबदलाबद्दल विचारलं की ते हसून मान हलवत, आणि विचारणाऱ्याला वाटे, काय हा विनय!

वहिनींनी पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपली रेघ आपल्याला उलटी दिसली तर कळणारच. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. मग गिऱ्हाइकं येऊ लागली, "पोस्टरसारखी करून द्या" म्हणत. पहिल्या फळीवर त्यांनी खरी रेघ ओढली तर माणूस दुसऱ्या दिवशी फळी घेऊन हजर. "वहिनी, हे उलटं झालंय हो." त्यांनी निमूटपणे घासून काढली आणि पोस्टर समोर लावून डावीकडचा गोळा काढून दिला. अशा शंभरावर फळ्या त्यांच्या हातून गेल्या. मूळ फळीसारखीच प्रत्येकीच्या शेपटाशी त्यांची पेन्सिलीची खूण होती, त्यामुळे खुणेचा काही उपयोग नव्हता. त्यातलीच एक कुणा हौशी माणसाच्या घरातून दालनात पोचली आणि मूळ ठरली. वहिनींच्या खऱ्या कामाला खोटं ठरवायला वहिनींचंच काम उभं राहिलं होतं.

वहिनींचा एक नेम होता. सकाळची पहिली रेघ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही. बोलण्याने श्वास हलतो आणि श्वासाने हात. बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी नेमके त्याच वेळी आले आणि स्टूल ओढून बसले.

"तुम्ही आत्ता बोलणार नाही हे माहितेय," ते म्हणाले. "म्हणूनच आलोय."

वहिनींनी कुंचला उचलला.

"मला बाईंचा फोन आला होता. मी म्हटलं, वहिनींचं वय झालंय, घोटाळा होतो. माफ करा. पण दुसरं काय सांगणार होतो? लाटा दोन होत्या म्हणून?" ते थांबले. कुंचला फळीच्या टोकावर टेकला आणि चालू लागला. "पाटीवर माझं नाव मी घातलेलं नाही. त्यांनीच घातलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. वहिनी, आयुष्यभर लग्नांच्या कॅसेटी काढल्या मी. कोणाचा मामा पुढे, कोणाची आत्या मागे. माझं असं म्हणावं ते एवढंच आहे, दीड मिनिट. आणि दादाचं काय होईल? पायबदलवाला म्हणून लोक त्याला बघायला येतात. तो बहिरा आहे, त्याला कळणारही नाही कशाने काय झालं."

रेघ शेपटापर्यंत पोचली. वहिनींनी कुंचला उचलला, चिकटपट्टी सोलून काढली आणि रेघ नीट आली की नाही ते वाकून पाहिलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "माझंही एकच आहे."

"तुमच्या शंभर आहेत की!"

"त्या तुमच्या पोस्टरच्या आहेत."

भाऊजींनी स्टूल जरा मागे सरकवलं. मग नेहमीसारखं हसून म्हणाले, "एरवी गाईसारख्या. आज शिंगं कुठून आणलीत?"

"गाईला असतातच," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी हसले नाहीत. जाताना त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं, जे ते कधी ठेवत नसत.

बाई पाचव्या दिवशी परत आल्या. पाटी छापण्याआधी त्यांना थोरल्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्यायचं होतं, पायबदलाबद्दल. भाऊजींना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. थोरले रंधा बाजूला ठेवून, फोमच्या भुग्याने पांढरे झालेले, खुर्चीवर येऊन बसले.

"त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?" बाईंनी विचारलं.

थोरल्यांनी हसून मान हलवली.

"बघा," भाऊजी घाईने म्हणाले, "तो असाच आहे. हे असंच घ्या. छान दिसतं."

वहिनी उठल्या. त्यांचा आवाज एरवी शेजारच्या माणसालाही वाकून ऐकावा लागे. त्या यजमानांच्या उजव्या कानाशी गेल्या, तो त्यातल्या त्यात बरा होता, आणि सबंध शेडला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अहो, तुम्ही फेसात पाय बदलले होते का?"

"कुठल्या फेसात?"

"सिनेमात! लाटेवर! डाव्याऐवजी उजवा पाय पुढे केलात का कधी?"

थोरले विचारात पडले. प्रश्न खरा आहे की चेष्टा, ते बायकोच्या तोंडाकडे बघून त्यांनी ठरवलं.

"छे," ते म्हणाले. "उजवा पुढे घेऊन मला उभंच राहता येत नाही. सुरुवातीला एकदा बघितलं होतं करून. दात पडला होता." त्यांनी ओठ वर करून दाताची जागा दाखवली. "का? कोण म्हणतं मी बदलले?"

बाईंनी लॅपटॉप उघडला आणि ती दीड मिनिटं लावली, मग मागे घेतली, मग परत लावली. थोरलेही चष्मा चढवून बघू लागले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःला बघत होते.

"हा मी नाही," पहिला भाग बघून ते ठामपणे म्हणाले. फेसानंतर म्हणाले, "हा मी. ही तर पलीकडची लाट. जहाज होतं ना तिथे." मग पुन्हा मागचं बघून, "अरे, हा पण मीच आहे. उलटा केलाय मला! कोणी केला?"

"मी केला, दादा," भाऊजी म्हणाले. हे त्यांनी ओरडून सांगितलं नाही, तरी थोरल्यांना कळलं असावं. त्यांनी चष्मा काढला.

"विचारायचं तरी," ते म्हणाले, आणि कामाला उठून गेले. रंधा सुरू झाला.

बाईंनी पोस्टर उचललं, उलटं केलं आणि मागून खिडकीच्या उजेडावर धरलं. गोळा उजवीकडे आला. त्यांनी माळ्यावरून काढलेल्या फळीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि जुन्या पाटीचा कागद फाडून टाकला. भाऊजी स्टुलावर बसून होते.

"सिनेमाच्या पाटीवर आता काय लिहू?" बाईंनी त्यांना विचारलं. "एक लाट असं तर लिहिता येणार नाही. फसवणूक म्हणावं, असं माझ्या मनात नाही, पण..."

"जोड लिहा," भाऊजी म्हणाले. "दोन लाटा, जोड फेसात. आणि तो कोणी केला तेही लिहा. पस्तीस वर्षं कोणाला दिसला नाही तो. चांगला केलाय मी."

"तो चांगलाच आहे," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ते शेडवर यायचे बंद झाले. थोरल्यांना फोन करत, तोही शेजारच्या दुकानात, आणि दुकानदार येऊन निरोप ओरडत असे. पायबदलाची बातमी सगळीकडे झाली. काही जणांनी वाईटसाईट लिहिलं, काहींनी थोरल्यांना खोटारडं म्हटलं. थोरल्यांना त्यातलं ऐकू आलं नाही आणि वाचायची त्यांना हौस नव्हती. एका तरुणाने मात्र पत्र पाठवलं की त्याने पायबदल खरोखर साधला आहे, आता काय करू? वहिनींनी उत्तर लिहिलं: मग तो तुमचा.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी वहिनी यजमानांना घेऊन गेल्या. दालनाच्या एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला फळी. फळीखाली तारीख आणि वहिनींचं पूर्ण नाव होतं, जे त्यांनी स्वतःच कित्येक वर्षांत कुठे लिहिलं नव्हतं. त्यांना ते जरा परकं वाटलं. नक्कल बाजूला लावली होती, तिच्याखालीही तेच नाव.

भाऊजी पडद्याशी होते. सिनेमा लागायच्या आधी ते उभे राहिले, पण बोलले काहीच नाहीत. बसायच्या जागा दाखवल्या आणि कडेला सरकले. दिवे गेले. थोरले या वेळी बाहेर गेले नाहीत. वहिनींनी दूरवरून पाहिलं: फेस आला तेव्हा भाऊजी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत होते. काही जणांनी पायांकडे बोट दाखवलं. बाकीच्यांनी पूर्वी जिथे वाजवत तिथेच टाळ्या वाजवल्या.

दिवे आल्यावर भाऊजी दालनाच्या मधोमध आले, तिथून फळीपर्यंत वीसेक पावलं असतील. ते थांबले. मग वळून दाराकडे गेले. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. डावा-उजवा पाय पुढेमागे करून बघत चाललेली एक मुलगी फळीपाशी आली, पाटी वाचून त्यांच्याकडे बघू लागली.

"ही रेघ तुम्ही काढलीत?"

"हो," वहिनी म्हणाल्या.