घरचा पिवळा आणि मी गाळणी

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. चहाचीच, पण चहाशी माझं नातं कधीच तुटलं. आता माझ्यातून टोमॅटोचं बी गाळतात. हसू नका. चहाच्या गाळण्या पैशाला पासरी मिळतात. चार जातींच्या पिवळ्या टोमॅटोंचं पोट आतून पाहिलेली गाळणी तुम्हाला दुसरी भेटायची नाही.

माझा जन्म एका भांडी बनवणाऱ्याच्या दुकानामागे झाला. त्याने पितळी तारेची जाळी कापली, ठोकून तिला वाटीचा आकार दिला, भोवती कडं बसवलं आणि लांब दांडा जोडला. या घरात आले तेव्हा मी अशी झळकायचे, की चमचे माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहायचे. उकळता चहा अंगावर घ्यायचा आणि चोथा पोटात ठेवून घ्यायचा, हे माझं काम. पाहुणे कपबशीचं कौतुक करायचे, चहा करणारीचं करायचे. गाळणीकडे लक्ष जातं ते फक्त चहात पत्ती आली तर.

मग एक दिवस माझा दांडा निखळला. लगेच गुलाबी दांड्याची प्लास्टिकची गाळणी आली आणि माझी रवानगी मागच्या पायरीवरच्या डब्यात झाली, गंजके खिळे आणि एका काचेचा चष्मा यांच्या शेजारी. माणसं ज्या वस्तू टाकूनही देत नाहीत आणि वापरतही नाहीत, त्यांचे दिवस फार सावकाश जातात.

तिथून मला उचललं आईने. घरातले सगळे तिला आई म्हणतात, तिची सूनसुद्धा. म्हणून मीही म्हणते. बोटांनी माझी जाळी चाचपून ती म्हणाली, "अगं, ही तर धडधाकट आहे! दांडा काय चाटायचाय?" तेव्हापासून मी बियांची गाळणी झाले.

ते काम असं. टोमॅटो कापून त्याचा बियांसकट बुळबुळीत भाग बरणीत काढायचा आणि पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. वर पांढरी साय धरते आणि असा वास सुटतो, की आईचा मुलगा नाक धरून खोलीचं दार लावून घेतो. मग ते सगळं माझ्यात ओतायचं, नळाखाली धरायचं आणि अंगठ्याने हलकेच चोळायचं. बुळबुळीतपणा वाहून जातो, बी माझ्यापाशी राहतं. चहाने मला चोथा दिला. टोमॅटोने लेकरं दिली.

आईच्या परसात भिंतीलगत पिवळ्या टोमॅटोची झाडं असायची. बी तिच्या आईकडून आलेलं. त्या जातीला नाव असं नव्हतंच, सगळे तिला 'घरचा' म्हणायचे. मग सूनबाई आल्या. त्या औषधांच्या दुकानात काम करतात, त्यामुळे दोन गोष्टी शेजारी ठेवून पारखल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी मैत्रिणींकडून पिवळ्या टोमॅटोच्या आणखी तीन जुन्या जाती आणल्या आणि घरच्याच्या रांगेतच लावल्या. एक बोराएवढी, घोसाघोसाने लगडणारी. तिचं नाव पडलं लिंबुटी. दुसरा दिव्याच्या बल्बसारखा, वर निमुळता आणि खाली गोल, तो बल्ब. तिसरा तळहातभर, पोट सुटलेला, आतून केशरी. झाडावर मोजकेच लागायचे आणि पाणी जरा जास्त झालं की तडकायचे. ते शेठजी. लिंबुटीने मला बियांनी भरून टाकलं. बल्बचं बी बेताचं. शेठजींनी एवढ्या मोठ्या देहातून चिमूटभर बी दिलं. श्रीमंतांचं असंच असतं.

त्याच साली आईच्या मुलाने भिंतीशी स्कूटरसाठी शेड घातली आणि उन्हाची जागा निम्मी झाली. पुढच्या खेपेला दोनच जाती लावता येणार होत्या.

"चव घेऊ आणि ठरवू," सूनबाई म्हणाल्या.

"घेऊ की! माझा घरचा कुणाला भितो का?"

शेजारचे शिंपीकाका पंच झाले. त्यांच्या डोळ्यांवर ओट्याचं फडकं बांधलं. लिंबुटी तोंडात टाकताच ते ओरडले, "अहाहा! जिभेला चिमटा काढते हो ही!" बल्ब खाऊन म्हणाले, "हा सभ्य आहे. कुणाचं वाईट करणार नाही, भलंही करणार नाही." शेठजींची फोड चाखून त्यांनी विचारलं, "साखर लावलीत का?" मग घरच्याची पाळी. काकांनी बराच वेळ चावला.

"ही काकडी कुणी ठेवली मध्येच?"

सूनबाई घाईने म्हणाल्या, "आई, शेठजींऐवजी घरचाच राहू द्या."

"नको. बल्बला निदान सभ्य तरी म्हणाले. आणि ठेवायचे ते लिंबुटी आणि शेठजीच. माझ्या आईचा म्हणून कुणी बळेबळे गिळायला नको. काढून टाक." एवढं बोलून आई आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

मित्रांनो, मला माहीत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. घरच्याचा पहिला, रसरशीत टोमॅटो माझ्याकडे कधी आलाच नव्हता. ते सगळे आई वाटून टाकायची. माझ्या वाट्याला यायचे ते हंगाम सरताना उरलेले, किरट्या झाडांचे, वाकडे, चोच मारलेले. वर्षानुवर्षं उरलेल्याचं बी, मग त्यातल्या उरलेल्याचं बी. पण गाळणीला तोंडं हजार, जीभ एकही नाही.

सूनबाई खुरपं घेऊन निघाल्या त्याच सकाळी आईची थोरली बहीण राहायला आली. मावशीने पायरीवर बॅग ठेवली, घरच्याच्या झाडाचा एक टोमॅटो तोडला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कुठला गं, धाकटे?"

"आपल्या आईचा."

"चल! आईचा असा असतो? बी कसलं धरतेस तू?"

"शेवटी उरतात त्यांचं."

"आणि पहिला?"

"पहिला सगळ्यांना वाटते. आईसारखं एकीसाठी राखून ठेवणं मला नाही जमत," आई फणकारली. "आता साळसूदपणा नको. पहिल्या टोमॅटोला लाल धागा बांधायची ती, कुणी हात लावायचा नाही. तो तुझ्यासाठी असायचा. मला काय कळत नव्हतं? तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात असला दुजाभाव चालायचा नाही."

मावशी अशी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. "अगं वेडाबाई, माझ्यासाठी कसला! बियाचा टोमॅटो होता तो! सगळ्यात चांगल्या झाडाचा, सगळ्यात आधी पिकलेला. मी हात लावला तर मलाही धपाटा मिळायचा. एवढी वर्षं रुसून होतीस माझ्यावर?"

"रुसले नव्हते," आई म्हणाली. "थोडीशीच."

सूनबाईंनी खुरपं खाली ठेवलं. "म्हणजे पंचांनी खरा घरचा चाखलाच नाही. शेठजी जातील मैत्रिणीकडे, तिचं अंगण मोठं आहे."

चमत्कार झाला नाही. पुढच्या खेपेला घरचा जरासाच सुधारला. पण दर हंगामात आई सगळ्यात जोमदार झाड निवडू लागली, त्याच्या पहिल्या फळाला धागा बांधून पाखरांपासून कागदी पिशवीत झाकू लागली आणि दूधवाल्यापासून पोटच्या पोरापर्यंत सगळ्यांना दटावू लागली. यंदा तो टोमॅटो मुठीत मावेना. बी बरणीत काढल्यावर उरलेला गर मावशीने आईपुढे धरला.

"बियाचं काम झालं. आता उघड तोंड."

आईने डोळे मिटून खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ आणा रे कुणीतरी," ती म्हणाली, आणि शिंपीकाकांनी फोड मागायच्या आत दुसरीही खाल्ली.

मग ते बी माझ्यात आलं. टपोरं, जड. मी इतक्या वर्षांत कधी असं भरल्या पोटाने ठिबकले नव्हते.

तेव्हा मित्रांनो, जे पुढेही राहावं असं वाटतं, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं देऊ नका. त्याचा वाटा आधी काढा. आणि माझ्यासारखी एखादी बिनदांड्याची गाळणी घरात असेल, तर धुतल्यावर तिला उन्हात पालथी घाला. ओली राहिली की पितळ हिरवं पडतं, आणि आम्हाला अजून बरंच काम आहे.