एकाच बीचे दोन भाग

जवाहरनगरच्या क्वार्टरमधून चंद्रकांता रोज सकाळी स्कूटीने भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेत जाई आणि हिमालयातून मागवलेल्या चीड वृक्षाच्या बियांतले भ्रूण काचेच्या बाटल्यांत वाढवी. "धानाच्या मुलखात चीड कोन लावन वं?" असं सासूबाई, बायजाबाई, विचारत तेव्हा ती नुसती हसे. रोपं पुढे डोंगरातच जायची. इथे फक्त त्यांचा जन्म व्हायचा.

फेब्रुवारीत एकाच बीपासून वाढलेल्या ऊतीचे तिने दोन भाग केले. एक जुन्याच पोषणद्रव्यावर अंधारात ठेवला. तिथे भ्रूण नुसते दुणावत राहतात, मोठे होत नाहीत. दुसऱ्यासाठी तिने साखर वाढवली, वाढीचं संप्रेरक काढून घेतलं, खालची आगरची जेली घट्ट केली. असं थोडं तहानेलं ठेवलं की भ्रूण पिकतो आणि रोपाच्या वाटेला लागतो.

मार्चमध्ये नोंदवही चाळताना ती थबकली. 'मंगळवार. अंधारातले भ्रूण: बदल नाही.' अक्षर तिचंच होतं, पण मंगळवारी ती माहेरी, दिघोरीला, चुलतबहिणीच्या लग्नात होती.

"मॅडम, मंगळवारी मी सुट्टीवर होती ना?" तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख रुचिता मॅडमना विचारलं.

"काहीतरीच! दुपारी आपण चहा नाही का घेतला?"

तिने दिघोरीला आईला फोन लावला.

"असं काहून विचारून राहिली वं? दिवसभर तूच तर पुऱ्या लाटल्या."

दोघींपैकी एकीची चूक होत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण चहाची चवही तिला आठवत होती, आणि तळहाताला लागलेलं पीठही. त्या दिवसापासून ती काम करताना मध्येच थांबून स्वतःचे हात पाहू लागली.

एप्रिलमध्ये पिकलेल्या भ्रूणांना हिरवे कोंब फुटले.

"आता अंधारातल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये टाक," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, दोन्ही एकच आहेत ना."

"म्हणूनच. एकाला दोनदा कशाला पोसायचं?"

चंद्रकांताने बाटल्या वाफेने सगळं जिवंत मारणाऱ्या त्या भांड्यात रचल्या, झाकण आवळलं, आणि वाफ सुटेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. काहीतरी चुकलं असं तिला वाटत होतं. काय, ते मात्र उमगेना.

संध्याकाळी ती घरी पोचली. दार बायजाबाईंनी उघडलं.

"कोन पायजे, बाई?"

तिला हसू आलं. उन्हाने म्हातारीचे डोळे दिपले असतील. "मी आहे, आई."

बायजाबाईंनी तिला नीट निरखलं आणि परक्या पाहुणीसाठी सरावं तशा त्या अदबीने बाजूला सरल्या.

"या, बसा. आमची चंद्रकांता आत कणीक मळून राहिली, हात धुऊन येतेच. तुम्ही कुठून आल्या?"

चंद्रकांताने सांगायला तोंड उघडलं, आणि उंबऱ्यावर उभी राहून आपण कुठून आलो ते ती पुष्कळ वेळ आठवत राहिली.